आठ महिन्यांच्या शिल्लकीतले गुंतवायचे किती?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी काही गल्लत होत असेल तर लगेच लक्षात येईल. काही वर्षं नोकरी करून तुमच्याकडे साधारण आठ महिन्यांच्या घरखर्चाइतकी रक्कम साठली आहे आणि ती सगळी बचत खात्यात पडून आहे. क्रेडिट कार्डाची अर्ध्या महिन्याच्या खर्चाएवढी थकबाकी आहे, तिच्यावर वर्षाला ३० टक्के व्याज चढतंय. घरातली दोन माणसं तुमच्या कमाईवर अवलंबून आहेत. पगार वेळेवर होतो, पण कंपनीचं काही खरं नाही असं तुम्हीच लिहिलं आहे. दोन वर्षांनी एखादा अभ्यासक्रम करावा असं मनात आहे, त्याची फी साधारण महिन्याच्या खर्चाइतकी. पण अजून नक्की काही नाही. मित्र म्हणतो शेअर घे, मेहुणे म्हणतात सोनं घे, आणि बँकेतल्या प्रतिनिधीने विमा व गुंतवणूक एकत्र असलेली योजना पुढे सरकवली आहे. तर यातलं सगळ्यात जास्त परतावा देणारं कोणतं?

गेली वीसेक वर्षं लोकांच्या पैशांचं नियोजन करून देणं हाच माझा व्यवसाय आहे, आणि हा प्रश्न याच शब्दांत मला आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतो. त्याला सरळ उत्तर देता येत नाही, कारण प्रश्नात आठ महिन्यांची रक्कम ‘एक’ धरलेली आहे. ती एक नाही. तिच्या पोटात निदान चार वेगवेगळे पैसे आहेत आणि चौघांची कामं वेगळी. ते आधी सुटे करू. परताव्याचं त्यानंतर बघू. तोवर तो प्रश्न बराच लहान झालेला असेल.

तुम्ही रक्कम महिन्यांत सांगितलीत हे मात्र फार बरं केलंत. मीही तशीच मोजतो. पैसे आकड्यांत मोजले की माणूस शेजाऱ्याच्या आकड्याशी तुलना करत बसतो. महिन्यांत आणि दिवसांत मोजले की ते आपल्याला किती काळ पुरतील एवढंच समोर राहतं.

पहिला पैसा थकबाकीचा. अर्धा महिना म्हणजे पंधरा दिवसांचा खर्च, त्यावर ३० टक्के म्हणजे वर्षाला साडेचार दिवसांचा खर्च निव्वळ व्याजात जातो. आता याच्या शेजारी दुसरा हिशेब ठेवा. तुम्ही दोन महिन्यांचा खर्च कुठेतरी गुंतवलात आणि त्यावर वर्षाला ८ टक्के मिळाले, तर हाती येतात जेमतेम पाच दिवस. म्हणजे पंधरा दिवसांची थकबाकी जेवढं खाते, तेवढं कमावायला साठ दिवसांची रक्कम वर्षभर राबवावी लागते. शिवाय कमाई अनिश्चित आहे आणि व्याज अगदी निश्चित आहे. थकबाकी फेडणं म्हणजे ३० टक्क्यांची, बिनजोखमीची आणि बहुतेक ठिकाणी करमुक्त अशी गुंतवणूक आहे. बाजारात अशी वस्तू विकत मिळत नाही. तेव्हा अर्धा महिना आजच बाजूला काढा आणि कार्ड कोरं करा. कर्ज घराचं असतं, व्याज ७-८ टक्के असतं, तर मी इतक्या ठामपणे बोललो नसतो. तिथे कर, मुदत, मनाची स्वस्थता असं बरंच काही पाहावं लागतं. ३० टक्क्यांपुढे काहीच पाहावं लागत नाही.

उरले साडेसात.

दुसरा पैसा अडीअडचणीचा. इथे मी जरा जास्त वेळ थांबणार आहे, कारण याच जागी मी स्वतः पडलो आहे. २००७च्या शेवटी माझ्याकडे सहा महिन्यांच्या खर्चाइतकी शिल्लक होती. तेव्हा नुकताच या व्यवसायात आलो होतो, चार पुस्तकं वाचली होती, आणि ‘रोख पडून राहणं म्हणजे पैशाचा अपमान’ असं काहीतरी डोक्यात भिनलं होतं. सगळी रक्कम शेअरमध्ये टाकली. वर्षभराच्या आत नोकरी गेली आणि नवी मिळेपर्यंत तीन महिने पगार नव्हता. तो नेमका २००८चा शरद ऋतू. बाजार का पडला आणि नोकऱ्या का गेल्या, या दोन्हींचं कारण एकच होतं, हे तेव्हा माझ्या गावीही नव्हतं. घेतलेल्या भावाच्या निम्म्याहून खाली मी विकत गेलो, दर महिन्याला थोडं थोडं, घरभाड्यापुरतं. पुढे बाजार सावरला, ते मी लांबून पाहिलं.

यातली मेख पुस्तकात वाचून कळत नाही. शेअरबाजार आणि तुमची नोकरी ही दोन वेगळी संकटं आहेत असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात मंदी आली की ती दोन्ही दारांनी एकदमच आत शिरते. म्हणून अडचणीचा पैसा असा हवा, की जगात काहीही झालं तरी त्याचा आकडा बदलता कामा नये.

तो किती असावा, हे मात्र परिस्थितीवर आहे आणि याला कोणाचंही सूत्र जसंच्या तसं लागू होत नाही. घरात दोन पगार असतील आणि दोन्ही वेगवेगळ्या क्षेत्रांतले असतील तर तीन महिने पुरतात. एकच पगार, अवलंबून दोघं, कंपनी डळमळीत, ही तुमची स्थिती. मी सहा म्हणालो असतो. पण सहा ठेवले तर अभ्यासक्रमाची फी सोडून हाती फारसं काही उरत नाही, आणि तुम्हाला सुरुवात करायची आहे हेही मला दिसतंय. म्हणून साडेचार महिने धरू या, एका अटीवर: घरातल्या सगळ्यांचा आरोग्य विमा चालू असला पाहिजे. तो नसेल तर हे साडेचार महिने रुग्णालयाच्या एकाच बिलात संपू शकतात, आणि मग पुढचं सगळं वाचायची घाई करू नका. आधी विमा.

हे पैसे ठेवायचे कुठे? एक महिन्याइतके बचत खात्यातच असू द्या. उरलेल्या साडेतीन महिन्यांची एकच मोठी मुदत ठेव करू नका, चार लहान करा. कारण अगदी साधं आहे. मध्येच गरज पडली आणि ठेव एकच असली, तर दहा दिवसांच्या खर्चासाठी अख्खी मोडावी लागते आणि सगळ्या रकमेवरचं व्याज कापलं जातं. चार असल्या तर एक मोडते, तिघी शाबूत राहतात. बँक निवडताना अर्धा टक्का जास्त व्याजाच्या मागे जाऊ नका. ठेवीला हमी आहे का आणि ती किती रकमेपर्यंत आहे, ते पाहा. अमेरिकेत एकामागोमाग एक बँका बुडाल्यावर १९३३ साली ठेवींना हमी देणारी केंद्रीय व्यवस्था उभी राहिली, आणि आज बहुतेक देशांत तसं काही ना काही आहे. मर्यादा जागोजागी वेगळी असते. तुमची रक्कम त्या मर्यादेच्या आत राहील एवढं बघितलं की झालं.

इथे हमखास एक शंका निघते: ‘पण महागाई हे पैसे खाऊन टाकेल!’ खाईल, थोडे. तेही मोजू. साडेचार महिने म्हणजे सुमारे १३५ दिवस. व्याजातून कर वजा जाता ते महागाईपेक्षा टक्काभर मागे पडले, तर वर्षाला तुमचा तोटा सव्वा ते दीड दिवसाच्या खर्चाचा. नोकरी जाण्याविरुद्धचा हा विम्याचा हप्ता समजा. इतका स्वस्त हप्ता मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

उरले तीन.

तिसरा पैसा अभ्यासक्रमाचा, एक महिन्याइतका. ‘नक्की नाही’ असं तुम्ही म्हणता, पण गुंतवणुकीच्या दृष्टीने ‘कदाचित दोन वर्षांनी’ म्हणजे ‘दोन वर्षांनी’च धरायचं. तारीख जवळ असलेल्या पैशाला शेअर नको. यावर तुमचा मित्र म्हणेल की दोन वर्षांत बाजार बहुतेक वेळा वरच जातो. खरं आहे. त्याला ‘बहुतेक’ची बाजू ठाऊक आहे, उरलेली मी सांगतो. अमेरिकेचा एस अँड पी ५०० हा निर्देशांक, म्हणजे तिथल्या पाचशेएक मोठ्या कंपन्यांच्या शेअरभावांचा एकत्र आकडा, ऑक्टोबर २००७ मध्ये १५६५वर होता आणि मार्च २००९ मध्ये ६७६वर. दीड वर्षात ५७ टक्के खाली. तो जुन्या उंचीवर परत आला २०१३च्या मार्चमध्ये. तुमच्या अभ्यासक्रमाची प्रवेशाची तारीख २०१३पर्यंत थांबणार होती का?

बरं, मग कर्जरोख्यांचे, म्हणजे सरकारला किंवा कंपन्यांना ठरावीक व्याजाने दिलेल्या कर्जाच्या कागदांचे, फंड? त्यांना लोक ‘सुरक्षित’ म्हणतात, आणि ते एका अर्थी आहेतही, पण मुदत बघून. व्याजदर वाढले की आधी निघालेल्या रोख्यांची किंमत उतरते, कारण कमी व्याज देणारा जुना रोखा कोणी पूर्ण भावाने का घेईल? रोख्याची मुदत जितकी लांब, तितका हा उतार खोल. ढोबळ मानाने दहा वर्षांच्या रोख्याची किंमत व्याजदर १ टक्क्याने वाढला तर ७-८ टक्क्यांनी खाली येते. २०२२ साली हे सगळ्या जगाने पाहिलं. अमेरिकेत त्या वर्षी लाभांश धरूनही शेअर १८ टक्के उतरले, आणि त्यांना सावरून धरतील अशी ज्यांच्याकडून अपेक्षा होती ते कर्जरोखेही १३ टक्के उतरले. म्हणून दोन वर्षांच्या पैशाला दोन वर्षांनी मुदत संपणारी वस्तू घ्यायची, मग ती ठेव असो की रोखा. तारखेला तारीख जुळवायची. मध्ये भाव वरखाली झाला तरी शेवटी काय हातात पडणार ते माहीत असतं.

आता उरले दोन महिने. तुम्ही ‘आठ महिन्यांची रक्कम कुठे गुंतवू’ असं विचारलं होतं. खरा प्रश्न दोन महिन्यांच्या रकमेचा निघाला. माझ्यासमोर बसलेल्या माणसाचा चेहरा या टप्प्यावर थोडा उतरतो. पण उतरण्याचं कारण नाही. हे दोनच महिने असे आहेत की ज्यांना दहा, पंधरा, वीस वर्षं कोणी हात लावणार नाही, आणि ज्याला कोणी हात लावणार नाही त्याच पैशाला जोखीम परवडते.

या दोन महिन्यांसाठी मी शेअरच सुचवेन. मित्राचं बरोबर होतं, फक्त ते एक चतुर्थांश रकमेपुरतं. मात्र ‘कोणता शेअर’ हे मला विचारू नका, मीही स्वतःला विचारत नाही. बाजारातल्या झाडून सगळ्या मोठ्या कंपन्या त्यांच्या आकाराच्या प्रमाणात घेऊन ठेवणारा, कमी खर्चाचा इंडेक्स फंड घ्या.

असं का, ते सांगतो. विल्यम शार्प या अर्थशास्त्रज्ञाने १९९१ साली दोन-तीन पानांत एक हिशेब मांडला, त्याला बीजगणितसुद्धा लागत नाही. बाजारातले सगळे गुंतवणूकदार मिळून म्हणजेच बाजार. त्यातले काही जण बाजार जसाच्या तसा घेऊन गप्प बसतात, त्यांना बाजाराइतकाच परतावा मिळतो. मग उरलेल्यांना, म्हणजे निवडून खरेदी-विक्री करणाऱ्यांना, सरासरीने किती मिळेल? तेवढाच, कारण एकाने जास्त कमावलं ते दुसऱ्याच्या पदरातून आलेलं असतं. आणि त्यांचा खर्च जास्त. म्हणजे खर्च वजा जाता ते सरासरीने मागेच पडणार. त्यातले काही पुढे असतात, नक्कीच असतात. ते कोण हे आधी ओळखता येत नाही, एवढीच अडचण.

जॉन बोगल यांनी १९७६ साली सामान्य माणसासाठी असा पहिला फंड काढला तेव्हा त्यांना १५ कोटी डॉलर उभे करायचे होते. जमले १ कोटी १३ लाख. लोक हसले. सरासरी परतावा देऊ म्हणणाऱ्याला पैसे कोण देणार? आज त्याच कल्पनेवर जगातले काही सर्वांत मोठे फंड उभे आहेत.

खर्चाचा आकडा किरकोळ वाटतो म्हणून तो एकदा पूर्ण करून दाखवतो. समजा शेअर खर्च धरण्याआधी वर्षाला ८ टक्के देतात. एक फंड त्यातून ०.२ टक्के घेतो, दुसरा १.५ टक्के. आज घातलेल्या १०० चे वीस वर्षांनी पहिल्यात होतात साधारण ४४९ आणि दुसऱ्यात ३५२. फरक ९७चा. तुमच्या मुद्दलाइतकीच रक्कम वीस वर्षांत फीच्या रूपाने निघून गेली, आणि तिचं बिल तुम्हाला एकदाही कोणी दाखवलं नाही. परताव्याचे ८ टक्के हे माझं गृहीत आहे, ते चुकेल. फीचे टक्के करारात लिहिलेले आहेत, ते चुकणार नाहीत.

फंड एकच पुरे. फार तर दोन: एक आपल्या देशाचा, एक जगभराचा. हे आवर्जून सांगतो, कारण एक गृहस्थ माझ्याकडे फुगलेली फाइल घेऊन आले होते, तिच्यात अकरा फंडांची विवरणपत्रं. ‘जोखीम विभागलीय,’ म्हणाले. मी प्रत्येक फंडातल्या पहिल्या दहा कंपन्यांची पानं टेबलावर ओळीने मांडली आणि त्यांच्या हातात पिवळा मार्कर देऊन म्हटलं, दोनदा दिसलेलं नाव रंगवत चला. चौथ्या पानापासून पुढे जवळजवळ सगळी पानं पिवळी झाली. जोखीम होती तिथेच होती, विभागली गेली होती ती फक्त कागदपत्रं.

जगभराचा फंड मी का म्हणतो, तर एकाच देशावर भिस्त ठेवण्याची किंमत जपानने मोजून दाखवली आहे. निक्केई निर्देशांक २९ डिसेंबर १९८९ रोजी ३८,९१५वर बंद झाला. तो आकडा पुन्हा ओलांडायला २२ फेब्रुवारी २०२४ उजाडावी लागली. चौतीस वर्षं! अमेरिकेचा डाऊ जोन्सही सप्टेंबर १९२९ मधल्या ३८१वरून जुलै १९३२ मध्ये ४१वर आला होता आणि १९५४च्या नोव्हेंबरात जुन्या जागी पोचला. लाभांश पुन्हा गुंतवले असं धरलं तर हे काळ कमी होतात, पण ‘दीर्घकाळात शेअर वाढतातच’ हे वाक्य किती सैल आहे ते यातून कळावं. वाढण्याची शक्यता चांगली आहे, खात्री नाही. खात्री असती तर जास्त परतावा मिळालाच नसता. तो खात्री नसण्याबद्दलच मिळतो.

मग हे दोन महिने एकदम टाकायचे की हप्त्याहप्त्याने? इथे आकडे एक सांगतात आणि मन दुसरं. व्हॅनगार्ड या कंपनीने २०१२ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाची जुनी आकडेवारी तपासली, तेव्हा साधारण तीनपैकी दोन वेळा एकरकमी गुंतवणूक बारा महिन्यांच्या हप्त्यांपेक्षा पुढे राहिली. साहजिक आहे, बाजार खालीपेक्षा वर जास्त वेळा जातो, आणि हप्त्यांत पैसा काही काळ बाहेर बसून राहतो. तरी पहिल्यांदा बाजारात उतरणाऱ्याला मी सहा हप्ते सांगतो. तिसरी वेळ जर नेमकी तुमच्या वाट्याला आली, आणि पहिल्याच महिन्यात पाचवा हिस्सा उडालेला दिसला, तर तुम्ही घाबरून बाहेर पडाल आणि पुन्हा कधी फिरकणार नाही. तो तोटा कुठल्याच आकडेवारीत मोजला जात नाही. शांत डोक्याची माणसं एकरकमी टाकू शकतात. आपण तसे आहोत की नाही हे मात्र पडझड पाहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून सहा हप्ते.

मेहुण्यांच्या सोन्याबद्दल थोडक्यात. सोनं व्याज देत नाही, लाभांश देत नाही. पुढचा माणूस किती भाव देतो यावरच सगळं. जानेवारी १९८० मध्ये ते औंसाला ८५० डॉलरवर गेलं होतं आणि तो भाव परत दिसायला २००८ उजाडलं. मधल्या अठ्ठावीस वर्षांत बाकीच्या वस्तू किती महागल्या ते आणखी वेगळं. चलन कोसळतं तेव्हा सोनं उपयोगी पडलेलं आहे, हेही नाकारत नाही. थोडं ठेवायचं तर ठेवा, दोन महिन्यांतले चार-सहा दिवस. दागिना मात्र गुंतवणुकीत धरू नका. तो हौसेने घ्या, घडणावळीसकट.

विमा-अधिक-गुंतवणूक योजनेला माझं उत्तर ‘नको’ असं आहे. तुमच्यावर दोघं अवलंबून आहेत, म्हणजे आयुर्विमा तुम्हाला हवाच. पण तो निव्वळ मुदतीचा, ज्यात जिवंत राहिलात तर काही परत मिळत नाही, असा घ्या. थोड्या हप्त्यात मोठं संरक्षण त्यातच मिळतं. एकत्र योजनेत विम्याचा खर्च किती, दलाली किती आणि खरोखर गुंतले किती हे सुटं करून दाखवा म्हटलं की समोरचा माणूस दुसऱ्याच विषयावर बोलू लागतो. शिवाय पहिल्या काही वर्षांत बाहेर पडलात तर भरलेल्या पैशांतलाही भाग बुडतो. ज्याच्या कंपनीचा भरवसा नाही त्याने वर्षानुवर्षं भरावे लागणारे हप्ते गळ्यात बांधून घेऊ नयेत. प्रतिनिधीवर राग धरू नका, त्यालाही महिन्याचं लक्ष्य गाठायचं असतं. त्याला एवढंच विचारा: ‘तिसऱ्या वर्षी थांबलो तर माझ्या हातात किती येईल ते लिहून द्याल का?’

तुम्ही लिहिलेलं नाही, पण अशी शिल्लक खात्यात दिसू लागली की ‘महिन्याला अमुक टक्के पक्के’ म्हणणारं कोणीतरी भेटतंच. बोस्टनच्या चार्ल्स पाँझीने १९२० साली ४५ दिवसांत ५० टक्के देतो म्हणून सांगितलं होतं, आणि काही महिने दिलेही, नव्यांच्या पैशातून जुन्यांना. तो आकडाच इतका अचाट होता की शंका यायला हवी होती. बर्नार्ड मॅडॉफ जास्त हुशार निघाला. २००८ मध्ये उघडकीला येईपर्यंत त्याने वर्षानुवर्षं माफकच परतावा दाखवला, फक्त तो कधी हलत नसे. मला टक्क्यांच्या आकारापेक्षा त्या न हलण्याचीच जास्त भीती वाटते. बाजाराशी संबंध असलेली कोणतीही खरी गुंतवणूक अधूनमधून लाल रंगात दिसलीच पाहिजे.

आता परताव्याकडे येतो, कारण तुमचा मूळ प्रश्न तोच होता. १४९४ साली इटलीत छापलेल्या लुका पाचोलीच्या गणिताच्या ग्रंथात ७२चा ठोकताळा सापडतो: ७२ला व्याजदराने भागलं की रक्कम दुप्पट व्हायला किती वर्षं लागतील ते कळतं. ६ टक्क्यांनी बारा, ८ टक्क्यांनी नऊ. हे गणित पाहून माणूस ८चे ९ कसे करता येतील याच्या शोधात लागतो. तुमच्या दोन महिन्यांवर तो एक जास्तीचा टक्का म्हणजे वर्षाला अर्ध्या-पाऊण दिवसाचा खर्च. आणि तुम्ही दरमहा खर्चाचा दहावा हिस्सा, म्हणजे तीन दिवसांची रक्कम, या फंडात घालत राहिलात तर वर्षाला छत्तीस दिवस वाढतात. अर्धा दिवस मिळवायला लोक रात्र रात्र जागून तक्ते बघतात आणि छत्तीस दिवसांची स्थायी सूचना, म्हणजे दरमहा रक्कम आपोआप वळती करण्याची सूचना, बँकेला द्यायला त्यांना वेळ होत नाही. पुढे रक्कम मोठी झाली, चार-पाच वर्षांचा खर्च भागेल इतकी, की मग एका टक्क्यालाही वजन येतं. आज तुमची मेहनत परतावा वाढवण्यात घालू नका, हप्ता न चुकवण्यात घाला. कार्डाची थकबाकी फेडल्यावर जे व्याज वाचेल त्यातूनच या हप्त्याचा थोडा भाग निघेल.

फंड घ्यायच्या आधी एक काम करा. मी प्रत्येकाकडून करून घेतो. एका कागदावर स्वतःच्या हाताने तीन ओळी लिहा: हे पैसे कशासाठी आहेत, कोणत्या सालाच्या आधी काढणार नाही, आणि किंमत एक तृतीयांशाने उतरली तर मी काय करीन. खाली तारीख आणि सही. बालिश वाटतं, ठाऊक आहे. एका शिक्षिकेने माझ्यासमोर वहीचं पान फाडून असंच लिहिलं होतं, तिसरी ओळ होती ‘काही करणार नाही, हप्ता चालू ठेवीन.’ मार्च २०२० मध्ये त्यांचा फोन आला. जगभर पळापळ चालली होती, एस अँड पी ५०० महिनाभरात ३४ टक्के उतरला होता. ‘सगळं काढून टाका,’ त्या म्हणाल्या. मी विचारलं, ‘बाई, तो कागद आहे का हाताशी?’ पलीकडे कपाट उघडल्याचा आवाज, मग बराच वेळ काहीच नाही. शेवटी त्या म्हणाल्या, ‘अक्षर माझंच आहे.’ त्यांनी काही विकलं नाही. ऑगस्टपर्यंत निर्देशांक जुन्या उंचीवर होता. तो इतक्या लवकर परतेल हे मलाही माहीत नव्हतं, आणि पाच वर्षं लागली असती तरी त्यांचं पान तेच सांगत होतं.

काही गोष्टी मी इथून ठरवू शकत नाही. तुमच्याकडे कोणत्या उत्पन्नावर किती कर लागतो, निवृत्तीसाठी कंपनी काही भरते का (भरत असेल आणि तुमच्या वाट्याइतकाच स्वतःचा वाटा घालत असेल, तर हे उरलेले दोन महिने गुंतवण्याआधी तो हक्क पूर्ण वसूल करा), आणि अवलंबून असलेल्या दोघांची वयं काय, यावरून वरचे आकडे अर्ध्या-एक महिन्याने इकडेतिकडे सरकतील. क्रम सरकणार नाही. खाती, ठेवी, फंड सगळीकडे वारसाचं नाव मात्र याच आठवड्यात लावून घ्या. पैसे थोडे म्हणून ते राहून जातं, आणि मग त्या थोड्याच पैशांसाठी घरच्यांना वर्षभर कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात.

राहिला अभ्यासक्रम. ठेवीची मुदत संपेल त्या दिवशी तुम्ही प्रवेश घेतलेला असेल तर प्रश्न नाही. नसेल, तर ती ठेव आपोआप पुढे चालू ठेवण्याची सूचना बँकेला आत्ता देऊ नका. पैसे खात्यात येऊ द्या आणि त्या वेळी कंपनीची हवा कशी आहे ते बघा. डळमळ तशीच असेल तर तो महिना अडचणीच्या साडेचारांत मिळवा, तिथे माझ्या मते दीड कमीच आहे. सगळं ठीकठाक असेल तरच तो फंडाकडे वळवा, तेव्हाही सहा हप्त्यांतच.